डीएमएसओ, गुडघा आणि वॉरफरिन: नागपुरातलं एक प्रकरण

रुग्ण पुरुष, वय पासष्टच्या पुढे, राहणार मानेवाडा रोडच्या आतल्या एका लेआउटमध्ये. नोकरीतून निवृत्त, पण काटोलकडे संत्र्याची बाग आहे आणि तिथलं जाणं-येणं सुटलेलं नाही. दोन्ही गुडघे झिजलेले, उजवा जास्त. रक्तदाबाची गोळी चालू. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून काही वर्षांपासून वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषधही चालू. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ते आले तेव्हा तक्रार अशी होती: दात घासताना हिरड्यांतून रक्त, दंडावर आणि मांडीवर काही न लागता उठलेले काळेनिळे डाग, आणि उजव्या गुडघ्याभोवतीची कातडी लाल होऊन सोललेली.

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते; डॉक्टर नाही. काका आमच्याच गल्लीतले म्हणून आधी माझ्याकडे आले, आणि मी त्यांना त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. खालचं सगळं त्यांच्या संमतीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील वगळून. गुडघ्याला चोळल्या जाणाऱ्या डीएमएसओ या द्रावकाबद्दल, म्हणजे इतर पदार्थ विरघळवणाऱ्या रासायनिक द्रवाबद्दल, मला विचारणारे ते एकटे नाहीत. ज्यांच्या घरात त्याची बाटली आली आहे किंवा येऊ घातली आहे, त्यांच्यासाठी हे प्रकरण मला मोलाचं वाटतं.

बाटली घरात कशी आली

वॉरफरिन घेणाऱ्या माणसाने डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, हे काकांना डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सल्ला अगदी बरोबर. वॉरफरिन रक्ताची गुठळी होऊ देत नाही. या गोळ्या पोटाच्या आतल्या अस्तराला इजा करतात आणि प्लेटलेटचं कामही मंदावतात. दोन्ही एकत्र आल्या की पोटात रक्तस्राव होण्याचा धोका बराच वाढतो. काकांनी हा सल्ला तंतोतंत पाळला. दुखलं की पॅरासिटामॉल, एवढंच.

पण गुडघ्याचं दुखणं तसंच राहिलं. जिना उतरताना, खाली बसून उठताना, बागेतल्या ढेकळांतून चालताना. 'हे घेऊ नका' हे त्यांना स्पष्ट सांगितलं गेलं होतं. 'मग हे करा' मात्र कुणी नीट बसून सांगितलं नव्हतं. गर्दीच्या ओपीडीत ते सांगायला वेळ नसतो, हे मला ठाऊक आहे. तरीही या प्रकरणाची सुरुवात मला तिथेच दिसते. नियम पाळणारा माणूस वेदना घेऊन एकटा पडला की तो नियमात न बसणारी वाट शोधतो, आणि त्याला ती वाट सुरक्षितच वाटते, कारण ती गोळी नसते. 'पोटात थोडीच जाते आहे, वरून तर लावायचं आहे.' काकांचं हेच वाक्य होतं.

वाट पुतण्याने दाखवली. तो हिंगणा एमआयडीसीत रसायनांच्या पुरवठादाराकडे काम करतो. मोबाइलवर एक व्हिडिओ आला: डायमिथाइल सल्फॉक्साइड, म्हणजे डीएमएसओ, नावाचा द्रव सांध्यावर लावला की सूज उतरते, दुखणं पळतं, आणि औषध कंपन्यांना तो नको आहे कारण तो स्वस्त आहे. पुतण्याला हे नाव रोजच्या बिलांतलं. त्याने अर्धा लिटरची बाटली आणून दिली. बाटलीवर नव्याण्णव टक्क्यांहून अधिक शुद्धता छापलेली होती. खाली लहान अक्षरांत हेही होतं की ही वस्तू फक्त प्रयोगशाळेतील वापरासाठी आहे. औषध, अन्न किंवा घरगुती वापरासाठी नाही.

डिसेंबरात एका सकाळी बाटलीतला द्रव गोठून पांढरा खडा झाला. नागपुरात थंडीत रात्रीचं तापमान दहा अंशांच्या आसपास उतरतं, आणि शुद्ध डीएमएसओ साडेअठरा अंशांनाच गोठतो. व्हिडिओत सांगितलं होतं की गोठला म्हणजे माल अस्सल. काकांचा विश्वास आणखी वाढला. गरम पाण्यात बाटली धरून ते द्रव पातळ करू लागले. गोठणं हे एवढंच सांगतं की त्यात पाणी फारसं मिसळलेलं नाही. सूक्ष्म प्रमाणातली इतर रसायनं आत आहेत की नाहीत, हे त्यावरून कळत नाही. औषधी दर्जाच्या द्रावकाची तपासणी त्यासाठीच वेगळी असते: नेमक्या कोणत्या अशुद्धी, किती मर्यादेत, कोणत्या डब्यात भरलेलं, किती काळ टिकणारं. प्रयोगशाळेच्या बाटलीची शुद्धता प्रयोगासाठी पुरेशी असते; कातडीतून शरीरात जायच्या वस्तूसाठी ती मोजलेलीच नसते. शिवाय हा द्रव कित्येक प्रकारची प्लास्टिकं आणि रबरं हळूहळू विरघळवतो. काका तो एका जुन्या प्लास्टिकच्या वाटीत काढून ठेवत आणि हातात रबरी हातमोजा घालून चोळत.

पहिले आठवडे

सुरुवातीला ते निव्वळ द्रव, पाणी न मिसळता, दिवसातून दोनदा गुडघ्यावर चोळायचे. लावताच गरम वाटायचं, मग खाज. त्यांना हे औषध 'लागू पडत असल्याचं' लक्षण वाटलं. प्रत्यक्षात दोन गोष्टी घडत होत्या. डीएमएसओ पाण्यात मिसळताना उष्णता बाहेर टाकतो, आणि कातडीत किंवा घामात पाणी असतंच. दुसरं, जास्त तीव्रतेचा डीएमएसओ कातडीतल्या मास्ट पेशींना हिस्टामिन हे खाज उठवणारं रसायन सोडायला लावतो. त्यातून लाली, गांधी, खाज. रोज लावत राहिलं की कातडीतलं तेल धुऊन जातं, ती कोरडी पडते, सोलते. काकांच्या गुडघ्यावर नेमकं तेच झालेलं होतं.

वासाची गोष्ट काकूंनी सांगितली. लावल्यावर थोड्याच वेळात काकांच्या तोंडाला लसणाचा वास येई आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत राही. "एकादशीच्या दिवशी घरात लसूण शिरत नाही, अन् यांच्या तोंडाले वास! मी म्हटलं हे बाहेर काय खाऊन येऊन राहिले?" हा वास डायमिथाइल सल्फाइडचा. शरीरात डीएमएसओचा मोठा भाग डायमिथाइल सल्फोनमध्ये बदलून लघवीवाटे जातो. थोड्या भागाचा सल्फाइड होतो आणि तो श्वासातून, घामातून बाहेर पडतो. वास घातक नाही. पण गुडघ्याला लावलेलं रसायन रक्तात जाऊन फुफ्फुसापर्यंत पोचलं, याचा तो धडधडीत पुरावा आहे. 'वरून तर लावायचं आहे' या समजुतीला काकूंच्या नाकाने पहिल्याच आठवड्यात उत्तर दिलेलं होतं.

आणि हो, दुखणं कमी झालं. काका हे ठामपणे सांगतात आणि मी त्यावर शंका घेत नाही. जिना सोपा वाटू लागला. का वाटला असेल, ते पुढे लिहिते.

जानेवारीत, बहुधा मध्यावर, त्यांनी एक भर घातली. घरात वेदनाशामक बामची डबी होती. डीएमएसओ 'औषध आत ओढतो' असं व्हिडिओत ऐकलं होतं, म्हणून आधी बाम चोळायचा, मग त्यावर डीएमएसओ. "दोन्हीचा जोर एकत्र येईन म्हटलं," ते म्हणाले.

रक्त का आलं

इथे मला सविस्तर लिहायलाच हवं, कारण या प्रकरणाचा गाभा हा आहे.

आपल्याकडच्या बहुतेक तिखट वासाच्या बाममध्ये आणि डायक्लोफिनॅकच्या कितीतरी जेलमध्येही मिथाइल सॅलिसिलेट असतं, म्हणजे विंटरग्रीनचं तेल. जेलच्या ट्यूबवर बारीक अक्षरांत ते दहा टक्के असल्याचं अनेकदा लिहिलेलं आढळतं. हे अ‍ॅस्पिरिनच्याच कुळातलं रसायन. शरीरात त्याचं सॅलिसिलेट होतं. ते किती जोरकस आहे याचा अंदाज यावा म्हणून: ५ मिलिलिटर शुद्ध विंटरग्रीन तेलात जेवढं सॅलिसिलेट असतं, ते ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून अधिक अ‍ॅस्पिरिन गोळ्यांच्या बरोबरीचं भरतं. वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णांनी नुसता असा बाम भरपूर चोळल्यानेही रक्त गरजेपेक्षा पातळ झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत कित्येक वर्षांपासून आहेत. त्यात डीएमएसओ नव्हताच.

आता डीएमएसओची करामत पाहू. कातडीचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा आणि त्यांमधल्या चरबीचा असतो. बाहेरचं आत येऊ न देणं हे त्याचं काम. डीएमएसओ त्या चरबीची रचना ढिली करतो आणि पेशींमधल्या प्रथिनांचा आकारही बदलतो. हा परिणाम तीव्रतेवर अवलंबून आहे: साधारण साठ टक्क्यांच्या वर तो ठळक होतो. काकांची बाटली नव्याण्णव टक्क्यांची. म्हणजे त्यांनी रोज दोनदा दार सताड उघडलं आणि दाराशी सॅलिसिलेट उभं करून ठेवलं. दार उघडणाऱ्याला पाहुणा निवडता येत नाही. डीएमएसओच्या सुरक्षिततेविषयी कुणी मला विचारलं की मी आता उलट विचारते: सोबत काय आहे? कातडीवर, बाटलीत, वाटीत, हातावर, आणि आधीपासून रक्तात?

शिवाय डीएमएसओ स्वतः प्लेटलेटना एकत्र यायला थोडा अटकाव करतो, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. कातडीवर लावल्याने माणसात त्याचा किती परिणाम होतो, ती वेगळी बाब. पण वॉरफरिनवरच्या माणसाच्या हिशेबात तो खर्चाच्याच बाजूला धरावा लागतो.

डॉक्टरांनी त्याच दिवशी आयएनआर तपासला. हा आकडा रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगतो. ठोके अनियमित असणाऱ्यांत तो दोन ते तीनच्या दरम्यान ठेवायचा असतो. काकांचा नोव्हेंबरातला आकडा त्या मर्यादेत होता. आता तो पाचच्या वर गेलेला. वॉरफरिन थांबवलं, लघवीतून-शौचातून रक्त जात नाही ना ते पाहिलं, डोक्याला मार लागलेला नाही ना विचारलं, घरी जपून राहायला सांगितलं आणि रक्त पुन्हा पुन्हा तपासलं. आकडा उतरला, तेव्हा कमी मात्रेने गोळी परत सुरू केली.

मग दोष डीएमएसओचाच का? मी तसं लिहिणार नाही. चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली. डिसेंबरच्या आधी काका दिवसाला एखादं पॅरासिटामॉल घेत. जानेवारीत थंडीताप झाला, अंग दुखत होतं, म्हणून बरेच दिवस रोज तीन-चार गोळ्या झाल्या. रोज दोन ग्रॅम किंवा त्याहून जास्त पॅरासिटामॉल काही दिवस सलग घेतलं तर वॉरफरिनचा प्रभाव वाढतो, हेही चांगलं सिद्ध झालेलं आहे. तापात जेवण कमी झालं, पालेभाजी कमी गेली. त्यानेही आकडा वर सरकतो. म्हणजे संशयित चार: बाम, डीएमएसओ, पॅरासिटामॉल आणि तापातलं अपुरं जेवण. आणि बाम-डीएमएसओ बंद केले त्याच दिवशी वॉरफरिनही बंद केलं, त्यामुळे आकडा कशाने उतरला हेही सुटं करता येत नाही. औषधाच्या दुष्परिणामाचा कार्यकारणभाव ठरवायला नारांजो यांची १९८१ची दहा प्रश्नांची पट्टी वापरतात. तिच्यावर हे प्रकरण 'शक्य' या पायरीवर बसतं, 'संभाव्य' या वरच्या पायरीवर जात नाही. कातडीची इजा मात्र डीएमएसओच्या खात्यावर जवळजवळ निःसंशय जाते.

मला हे प्रामाणिकपणे मांडणं महत्त्वाचं वाटतं. 'रसायनाने रक्त पातळ झालं' असं ओरडून सांगणारा दुसरा व्हिडिओ पहिल्या व्हिडिओचंच भावंड ठरेल.

मग सूज खरंच उतरते का?

डीएमएसओ प्रथम १८६६ साली रशियन रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर झायत्सेव्ह यांनी तयार केला. कागदासाठी लाकडाचा लगदा शिजवताना निघणाऱ्या गंधकयुक्त पदार्थांपासून तो पुढे मुबलक मिळू लागला आणि कारखान्यांत उत्तम द्रावक म्हणून रुळला. वैद्यकात त्याला आणलं अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या स्टॅनली जेकब या शल्यचिकित्सकाने, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला. प्रत्यारोपणाचे अवयव थंडीत टिकवायला काही सापडतं का हे ते पाहत होते. द्रव कातडीतून आत शिरतो हे लक्षात आलं आणि सगळा रोख बदलला. मोच, सांधेदुखी, भाजणं, सगळ्यांवर वापर सुरू झाला. नोव्हेंबर १९६५ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने माणसांवरचे प्रयोग थांबवले, कारण कुत्रे, ससे आणि डुकरांना मोठी मात्रा दिल्यावर त्यांच्या डोळ्यांतल्या भिंगात बदल दिसला होता. नंतर माणसांच्या अभ्यासात उपचाराच्या मात्रेत तसा बदल आढळला नाही. तरीही ते दशक वाया गेलं असं मला वाटत नाही. शंका आल्यावर थांबणं हीच औषधशास्त्राची रीत आहे.

१९७८ मध्ये पन्नास टक्के तीव्रतेच्या डीएमएसओला तिथे एका आजारासाठी मान्यता मिळाली: मूत्राशयाचा दीर्घकाळ चालणारा, जंतूंशिवायचा दाह. नळीवाटे ५० मिलिलिटर मूत्राशयात सोडायचं, पंधरा मिनिटं धरून ठेवायचं, दर दोन आठवड्यांनी. त्या औषधाच्या माहितीपत्रकात डोळ्यांची तपासणी आणि दर सहा महिन्यांनी यकृत, मूत्रपिंड, रक्तपेशींची तपासणी सुचवलेली आहे. घोड्यांच्या आणि कुत्र्यांच्या मुक्या मारावर नव्वद टक्क्यांचं जेलही तिथे पशुवैद्यकात मान्य आहे. नेदरलँड्समध्ये हातापायाच्या एका चिवट वेदनेच्या विकारावर, ज्यात दुखापतीनंतर हात सुजून लाल आणि हुळहुळा होतो, पन्नास टक्क्यांचं मलम सुचवलं जातं. कर्करोगाची काही औषधं देताना ती शिरेबाहेर सांडली तर कातडी वाचवायला युरोपातल्या मार्गदर्शनात डीएमएसओ वरून लावायला सांगितलेला आहे. म्हणजे हे रसायन वैद्यकाला परकं नाही. मूळपेशी गोठवून ठेवताना साधारण दहा टक्के डीएमएसओ घालतात, तोही पेशी वाचाव्यात म्हणूनच.

दाहावर तो काम कसा करतो याची प्रयोगशाळेतली चित्रं चांगली स्पष्ट आहेत. दाहात तयार होणारे हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे पेशींना इजा करणारे अतिक्रियाशील कण, तो टिपून घेतो. पेशीत दाहाची प्रथिनं बनवायचा आदेश देणारा एनएफ-कप्पा-बी हा मार्ग तो दाबतो. वेदना वाहून नेणाऱ्या बारीक मज्जातंतूंतला संदेश तो मंदावतो, हे प्राण्यांच्या मज्जातंतूंवर दिसलं आहे. पेशींवर नवं औषध तपासताना आम्ही ते डीएमएसओत विरघळवतो, आणि म्हणूनच एका थाळीत नुसता डीएमएसओ घालून ठेवावा लागतो. नाहीतर द्रावकाचा परिणाम औषधाच्या नावावर जमा होतो. विद्यार्थ्यांना मी हे दरवर्षी सांगते.

पण थाळीतल्या पेशी आणि काकांचा गुडघा यांच्यात मोठं अंतर आहे, आणि गुडघ्याबाबत एक चांगला अभ्यास उपलब्ध आहे. २००९ साली गुडघ्याच्या झिजेच्या ७७५ रुग्णांवर बारा आठवडे तुलना झाली. एका गटाला डीएमएसओत विरघळवलेलं डायक्लोफिनॅक, एका गटाला साडेपंचेचाळीस टक्के डीएमएसओचंच द्रावण, एकाला तुलनेपुरतं, औषधी गुण नसलेलं खोटं द्रावण, शिवाय तोंडावाटे डायक्लोफिनॅकचे गट. खोट्या द्रावणातही वास यावा इतकाच अगदी थोडा डीएमएसओ होता. हा बारकावा फार महत्त्वाचा, कारण वासावरूनच रुग्णाला कळतं की आपल्याला 'खरं' मिळालं आहे. जुन्या बहुतेक अभ्यासांत हा घोळ होताच. निष्कर्ष असा निघाला: डायक्लोफिनॅक असलेलं द्रावण गुणकारी ठरलं, पण नुसता डीएमएसओ खोट्या द्रावणापेक्षा सरस ठरला नाही. गुडघ्याच्या झिजेवरच्या डीएमएसओच्या अभ्यासांचा २००८ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, त्यातही ठोस फायदा सिद्ध झालेला नव्हता.

मग काकांचा जिना सोपा का झाला? झिजेचं दुखणं लाटांनी चढतं-उतरतं आणि माणूस उपाय शोधतो तो लाटेच्या टोकावर असताना, नंतर उतरतंच. जळजळ आणि उष्णतेने खोलवरची वेदना काही वेळ झाकली जाते, बामचंही तेच तत्त्व. रोज दोनदा दहा मिनिटं स्वतःचा गुडघा चोळणं हाही उपचारच आहे. आणि बाम सुरू झाल्यावर तर कातडीतून खरंखुरं वेदनाशामक आत जात होतं, तेच, जे त्यांना गोळीतून घ्यायला मनाई होती. मज्जातंतू मंदावण्याचा थोडा वाटाही असू शकेल. मी हे सगळं काकांना सांगितलं तेव्हा ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, म्हणजे मी गोळी टाळली अन् तीच गोळी चोळून घेतली?" हो, काका. तेच झालं.

बागेचा प्रश्न

बोलता बोलता मी विचारलं, की बागेतून आल्यावर लावता की जायच्या आधी? तेव्हा कळलं की आंबिया बहारासाठी दिलेला पाण्याचा ताण सुटून झाडांना नवती, म्हणजे कोवळी पालवी, आली होती आणि सिला या किडीसाठी फवारणी सुरू होती. काका स्वतः पंप पाठीवर घेत नव्हते, पण औषध मोजून पाण्यात मिसळायचं काम त्यांचंच. हात धुऊन, जेवून, मग त्याच हातांनी गुडघ्यावर डीएमएसओ.

त्यांना काही विषबाधा झाली नाही. लक्षणं नव्हती. पण हा प्रश्न शहरातल्या व्हिडिओत कधीच येत नाही आणि विदर्भात तो पहिला असायला हवा. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, ते कुणी विसरलेलं नाही. तिथे कातडीतून आणि श्वासातून जे आत गेलं ते कुठल्याही द्रावकाच्या मदतीशिवाय गेलं. कीटकनाशकं बहुतेक तेलात विरघळणारी असतात. साध्या पाण्याने हात धुतल्यावरही ती कातडीच्या घडीत, नखांत उरतात. अशा हातावर डीएमएसओ घेणं म्हणजे उरलेलं आत पोचवणं. फवारणीशी कसलाही संबंध असलेल्या घरात ही बाटली नको, एवढं मी कुठलीही पळवाट न ठेवता म्हणते.

काय केलं

डीएमएसओ आणि बाम बंद. कातडीला साधं मलम, आठवड्याभरात ती सावरली. आयएनआर मर्यादेत आल्यावर डॉक्टरांनी गुडघ्याचा विषय पुन्हा काढला, या वेळी नीट. फिजिओथेरपिस्टने मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम शिकवले: पाय सरळ ठेवून उचलणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं. डाव्या हातात काठी, कारण दुखरा गुडघा उजवा आहे. बागेत मातीत उकिडवं बसायचं नाही, पाट न्यायचा. गरज पडली तर सांध्यात इंजेक्शन देता येतं आणि त्यासाठी सहसा वॉरफरिन थांबवावं लागत नाही, हेही त्यांना कळलं. वरून लावायला हवंच असेल तर मिथाइल सॅलिसिलेट नसलेलं, एकाच घटकाचं जेल, थोडं, आणि तेही डॉक्टरांना सांगून, आयएनआर तपासत. पॅरासिटामॉल सलग किती दिवस घेतलं ते डायरीत लिहायचं. ताप आला, जेवण सुटलं, की आयएनआर लवकर तपासून घ्यायचा.

पुतण्यालाही बोलावलं. पोरगा घाबरून गेला होता; त्याने प्रेमापोटी आणून दिलं होतं. मी त्याच्यासमोर बाटलीचं लेबल वाचलं आणि औषधी दर्जा म्हणजे काय ते समजावलं. तो रोज हाताळतो त्या मालाविषयी त्याला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. उरलेली बाटली त्याने परत नेली. नालीत ओतू नकोस, कामाच्या ठिकाणी रासायनिक कचऱ्यात टाक, असं बजावलं.

दुष्परिणामाची नोंद भारताच्या औषधदक्षता कार्यक्रमाकडे पाठवली. तिथे सामान्य माणसालाही नोंद करता येते. १८००-१८०-३०२४ हा क्रमांक मोफत आहे. मान्यता नसलेल्या वस्तूची, घरगुती मिश्रणाची नोंद तर आवर्जून करावी, कारण औषधांच्या दुकानाच्या हिशेबात ती कुठेच उमटत नाही. डॉक्टरांनी विचारलं असतं तरी काकांनी डीएमएसओ सांगितला नसता. त्यांच्या लेखी ते औषधच नव्हतं. म्हणून वॉरफरिनवरच्या रुग्णाला 'कोणती औषधं घेता' एवढं विचारून भागत नाही. 'अंगाला काय लावता' हेही त्याच दमात विचारायला हवं. आमच्या विद्यार्थ्यांच्या रुग्ण-समुपदेशनाच्या नमुन्यात हा प्रश्न मी आता छापून घेतला आहे.

परवा काका पुन्हा आले. चालणं बरं आहे. हातात एक डबी होती, कुणी तरी सुचवलेल्या गोळ्यांची: ग्लुकोसामिन आणि एमएसएम. एमएसएम म्हणजे शरीरात डीएमएसओपासून बनतो तोच डायमिथाइल सल्फोन. "हे तर पूरक आहे ना ताई, औषध नाही?" त्यांनी विचारलं. ग्लुकोसामिन घेतल्यावर वॉरफरिनवरच्या रुग्णांचा आयएनआर वाढल्याच्या नोंदी आहेत, म्हणून हेही घ्यायचं नाही, आणि डबी डॉक्टरांना दाखवायची, असं मी सांगितलं. ते लगेच निघाले, डॉक्टरांची वेळ सहापर्यंतच होती.